उताणा घोडा

मराठी भाषेतला घोडा अद्याप म्हातारा झालेला नाही, ही एक मौजेचीच गोष्ट म्हटली पाहिजे. आमच्या लहानपणी स्टेशनाबाहेर टांग्यांची जी रांग उभी असे ती केव्हाच मोडली. हल्लीच्या मुलांना जिवंत घोडा पाहावयाचा तर लग्नाची वरात तरी गाठली पाहिजे किंवा माथेरान तरी. पण बोलण्यात पाहावे तो घोडा पूर्वीइतकाच तरतरीत! काम तडीस गेले की आमचे घोडे गंगेत न्हाते, अडले की ते पेंड खाते, उशीर झाला की वरातीमागून येते, आणि कोणाच्या बढाईची परीक्षा पाहावयाची असली की घोडामैदान जवळच असते. ह्या सर्व म्हणींतला घोडा आपल्या चार पायांवर आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. चौकाचौकांतील पुतळ्यांचेही तेच. हिंदी भाषिक मंडळी घोडे विकून झोपतात खरी, पण तेथेही झोपतो तो माणूस. घोडा बिचारा नव्या धन्याच्या दारी उभाच.

भाषेने येथे निसर्गाचीच री ओढली आहे. घोडा उभ्याउभ्याच पेंगतो. मागील पायांतील वाटी हाडाच्या एका उंचवट्यावर अडकवून ठेवण्याची अशी काही सोय त्याच्या ठायी आहे की, स्नायूंना फारसे श्रम न देता तो तासन्‌तास उभा राहू शकतो. गाढ झोपेसाठी तो आडवा होतो, परंतु थोडाच वेळ, आणि तेही आसपास भिण्याजोगे कोणी नाही अशी खात्री पटल्यावर. साडेचारशे-पाचशे किलो वजनाचा हा प्राणी पळून जीव वाचवणाऱ्यांच्या जातीचा आहे. त्याचे हाड, स्नायू, आतडे, फुप्फुस, सर्व काही तो उभा असेल किंवा धावत असेल असे गृहीत धरूनच बसवलेले आहे. मग अशा प्राण्याला औषध देऊन निजवले, पाठीवर उताणे केले आणि दोन-तीन तास तसेच ठेवले, तर त्याचे काय होते?

हा प्रश्न इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकाने विचारावा असा नव्हे, हे आम्ही जाणतो. तो आमच्या पदरी पडला तो एका विद्यार्थ्यामुळे. अकरावी-बारावीत तो आमच्याकडे इंग्रजी शिकला, पुढे परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात गेला (हे महाविद्यालय १८८६ सालचे, म्हणजे आमच्या कॉलेजाहून वयाने बरेच वडील), आणि काही वर्षे परदेशी काढून घोड्यांना भूल देण्याच्या कामात निष्णात होऊन परत आला. "म्हणजे तू शस्त्रक्रिया करतोस का रे?" असे घरात त्याला विचारले गेले, तेव्हा "नाही काकू, मी फक्त श्वास सांभाळतो," असे उत्तर त्याने दिले. त्या 'फक्त'चा अर्थ आम्हांस उमगावयास पुढे चार-पाच वर्षे लागली.

प्रथम नाकाविषयी. माणसाचे नाक चोंदले तर तो तोंडाने श्वास घेतो. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो. उन्हात राबलेला बैलही तोंड उघडतो. घोडा ह्यांपैकी काहीच करू शकत नाही. त्याचा मृदु तालू इतका लांब आहे, आणि स्वरयंत्रावरचे झाकण त्यावर असे बेमालूम टेकलेले असते की, नाकाची वाट आणि तोंडाची वाट ह्या दोन निराळ्या गल्ल्याच होऊन बसतात. तोंड चंदीसाठी, हवेसाठी दोन नाकपुड्या. निरोगी घोड्याचे ह्यात काही अडत नाही. स्वस्थ उभा असता तो मिनिटाला दहा-बारा श्वास घेतो आणि एका श्वासात पाचएक लिटर हवा ओढतो. आपला शांत श्वास अर्ध्या लिटराचा. चौखूर धावू लागला म्हणजे प्रत्येक झेपेला एक श्वास असा ताल धरला जातो, आणि मिनिटाला दीड हजार लिटर वा त्याहूनही अधिक हवा त्याच दोन भोकांतून आतबाहेर होते. आमच्या वर्गातील सत्तर मुले एका दारातून कशी बाहेर पडतात ते पाहिले म्हणजे ह्या व्यवस्थेविषयी आदर वाटू लागतो.

परंतु वाट एकच असली म्हणजे ती अडली की सारेच अडले. उंच बांध्याच्या घोड्यांत डाव्या बाजूची स्वरयंत्राची नस दुबळी होते, तिकडील पडदा श्वासाच्या वाटेत लोंबू लागतो, आणि घोडा धावताना घोरल्यासारखा आवाज करतो. हा विकार फार जुना. इंग्लंडातील सर फ्रेडरिक हॉबडे ह्यांनी त्यावरील शस्त्रक्रियेचा एवढा प्रसार केला की त्यांच्या नावाचे इंग्रजीत क्रियापदच झाले. घोड्याच्या कुळाच्या गळ्यावर शस्त्र चालवण्याची ही विद्या पुढे एका विचित्र कामी आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, ब्रह्मदेशाच्या जंगलांत जपानी फौजांच्या पिछाडीस जी चिंडिट पथके उतरवण्यात आली, त्यांच्या खेचरांचे स्वरतंतू आधीच कापून टाकलेले होते. खेचर ओरडले तर शत्रूस ठावठिकाणा कळेल, हे कारण. त्यांचा श्वास ठेवला, आवाज काढून घेतला. त्या मोहिमेवर लिहिणारे सेनापतींच्या स्वभावावर पानेच्या पाने खर्च करतात. ह्या मुक्या केलेल्या जनावरांस मात्र सहसा एखाददुसरी ओळ मिळते, हे आम्हांस नेहमीच खटकत आले आहे.

आपल्याकडे अश्ववैद्यकाची परंपरा मोठी. शालिहोत्राचे नाव इतके रुळले की घोड्यांच्या वैद्यालाच लोक सलोत्री म्हणू लागले. नकुलाच्या नावावर एक ग्रंथ आहे, जयदत्ताचे 'अश्ववैद्यक' आहे. पण घोड्याला वायू हुंगवून भूल देणे ही गोष्ट अगदी अर्वाचीन. १८४६ च्या ऑक्टोबरात बॉस्टन येथे इथरचा जाहीर प्रयोग माणसावर झाला, आणि पुढच्याच वर्षी युरोपात घोड्यांनाही इथर हुंगवून पाहण्यात आले. त्यानंतर बराच काळ क्लोरोफॉर्मचे राज्य होते. दोरखंडांनी पाय आवळून घोडा पाडावयाचा, तोंडावर क्लोरोफॉर्मची पिशवी बांधावयाची, आणि मग तो घेईल तो श्वास त्याचा. १९५६ साली हॅलोथेन हे औषध माणसांच्या शस्त्रक्रियागृहात आले, तेथून लवकरच घोड्यांच्या. हल्ली आयसोफ्लुरेन व सेव्होफ्लुरेन ही त्याची धाकटी भावंडे कारभार पाहतात. ही औषधे हवेत उधळून परवडत नाहीत. म्हणून श्वासनलिकेत नळी घालावयाची, ती यंत्रास जोडावयाची, आणि सोडलेला श्वास सोडा-चुन्यातून गाळून, त्यातील कार्बन डायऑक्साइड काढून टाकून, पुन्हा आत पाठवावयाचा, अशी व्यवस्था करावी लागते. आमच्या विद्यार्थ्याचे काम येथून सुरू होते.

दोन वर्षांपूर्वी ते आम्हांस प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. तो त्या रात्री आमच्याकडे जेवावयास आला असता त्याला बोलावणे आले, आणि पानावरून उठताना "सर, येता का?" असे त्याने विचारले. घोडे चालवावयास शिकवणाऱ्या एका संस्थेची घोडी, चांदणी तिचे नाव, वय अकरा वर्षे, पोटशूळाने सकाळपासून लोळत होती. घोड्याला ओकता येत नाही. आतड्यास पीळ पडला, वायू कोंडला, की पोट नगाऱ्यासारखे फुगते आणि शस्त्राखेरीज उपाय राहत नाही. संस्थेच्या चालकांनी फोनवरून संमती दिलेली होती. घोडीबरोबर तिचा मोतद्दार तेवढा आलेला, साठीच्या घरातला, हातात रिकामा तोबरा तसाच धरून उभा.

"डॉक्टरसाहेब, उठेल ना?" त्याने विचारले.

आमची अपेक्षा अशी की, उठेल, उठेल, असे काही तरी तो म्हणेल. तो म्हणाला, "काका, धडधाकट घोड्याला भूल दिली तरी शंभरात एखादा उठत नाही. हिचे पोट फुगले आहे, म्हणून हिला धोका त्याहून जास्त आहे. पण काहीच केले नाही तर हिला उद्याची सकाळ दिसणार नाही."

हे आकडे त्याच्या पदरचे नव्हते. भूल दिलेल्या घोड्यांची जी मोठी गणना २००२ साली प्रसिद्ध झाली तीत ४१,८२४ घोड्यांचा हिशेब आहे. त्यांतील शंभरी १.९ घोडे सात दिवसांच्या आत दगावले. पोटशूळाचे रोगी वगळले तरी ०.९. पुढे २०२१ साली तसल्याच नव्या गणनेचे पहिले आकडे आले, त्यांत एकंदर प्रमाण शंभरी १.० इतके उतरले होते. सुधारणा आहे, नाही असे नाही. परंतु इंग्लंडातील कुत्र्यांची अशीच गणना २००८ साली झाली, तीत हे प्रमाण शंभरी ०.१७ होते, आणि माणसांचे तर ह्या कोणाशी मोजमापच नको, इतके ते लहान आहे. एकच औषध, एकच यंत्रविद्या, मग घोड्याशीच हा दावा का? आमच्या मनात हे चालले असता तिकडे मोतद्दार काही वेळ गप्प राहिला आणि मग, "बरं, करा," एवढेच म्हणाला. माणसांच्या रुग्णालयांत नातलगांच्या तोंडावर जी गोड गोळी फेकली जाते तिच्यापेक्षा हे उत्तर त्याला अधिक पचले असावे, असे आम्हांस वाटले.

घोडीच्या नाकातून पोटापर्यंत एक नळी घालून साचलेले द्रव्य काढून टाकले होते. आता तिच्या तोंडात पाण्याची धार सोडून गालफडांत अडकलेली चाऱ्याची काडीन्‌काडी धुऊन काढण्यात आली. राहिलेली काडी श्वासाच्या नळीबरोबर फुप्फुसात जाते. झायलाझिनची सुई दिल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत तिची मान खाली आली, खालचा ओठ सुटला. मग केटामीन. गादी लावलेली भिंत आणि गादी लावलेले दार ह्यांच्या मधोमध तिला चौघांनी दाबून धरले होते. ती मागच्या पायांवर बसल्यासारखी झाली आणि सावकाश कलंडली. समोरच्या दातांत प्लास्टिकच्या नळाचा एक जाड तुकडा बसवला गेला, मान सरळ ताणली गेली, आणि आमचा विद्यार्थी तिच्या डोक्याशी गुडघे टेकून बसला. त्याच्या हातातली नळी जवळजवळ मीटरभर लांब आणि आतून २६ मिलिमीटर रुंद.

माणसाला नळी घालताना दिव्याचे उपकरण तोंडात धरून स्वरयंत्र डोळ्यांनी पाहता येते. घोड्याचे तोंड लांब, अरुंद, आणि उघडते थोडे. वाकून पाहावे तर जिभेपलीकडे अंधार. म्हणून हे काम आंधळेपणानेच करावे लागते. लेंग्यात नाडी ओवणारा माणूस नजर भलतीकडे ठेवून बोटांनी पाहत असतो, तशी त्याची मुद्रा झाली होती. नळी घशापर्यंत गेली आणि अडली. त्याने ती वीतभर मागे घेतली, हातातल्या हातात फिरवली, आणि थांबला. घोडीने श्वास घ्यावा म्हणून तो थांबला होता. श्वास आत ओढताना स्वरयंत्राचे दार रुंद होते. त्याच क्षणी नळी पुढे सरकली आणि पुढे जी गेली ती विनासायास. अन्ननलिकेत गेली असती तर हातास अडथळा लागला असता, मानेच्या डाव्या बाजूस तिचा फुगीर माग दिसला असता. "सर, इकडे हात धरा," तो म्हणाला. नळीच्या तोंडाशी आम्ही तळहात धरला. उबदार, ओलसर, गवताच्या वासाचा वारा हातावर आला. नळीच्या टोकाभोवती एक रबरी फुगा असतो. तो फुगवून फट बंद केली, आणि मग चारही पाय पट्ट्यांनी बांधून त्या जनावरास यारीने उचलले. पाय वर, मान खाली, आयाळ लोंबती, अशा स्थितीत ती छताखालून सरकत गेली तेव्हा मोतद्दाराने तोंड फिरवले. तिला टेबलावर उताणी ठेवले.

यंत्राने तिचा श्वास ताब्यात घेतला. मिनिटाला आठ वेळा, दर वेळी पाच लिटर, शुद्ध प्राणवायू आणि त्यात बेताचे आयसोफ्लुरेन. छाती नियमाने वर येई, खाली जाई. आमच्या मते झाले, आता चिंता कसली? वीस मिनिटांनी तिच्या गालाजवळील धमनीतून थोडे रक्त काढून तपासले. कार्बन डायऑक्साइड ठीक होता. यंत्र तो चोख बाहेर टाकीत होते. प्राणवायूचा दाब पाऱ्याचे ६८ मिलिमीटर. उभा असलेला निरोगी घोडा साधी हवा घेत असता हा आकडा शंभराच्या आसपास असतो, आणि शुद्ध प्राणवायू दिल्यावर तो पाचशेवर जावा. येथे पाचपट संपन्न हवा पाजूनही घोडी साध्या हवेतल्या आपल्या बहिणींहून गरीब!

आता घोडे पेंड कोठे खाते ते पाहा. माणसाचा उरोदरपटल, म्हणजे छाती व पोट ह्यांमधला पडदा, आडवा असतो. घोड्याचा फार तिरपा, पुढून खाली आणि मागून वर असा चढत गेलेला. त्यामुळे फुप्फुसाचा मोठा भाग पाठीच्या कण्याखाली, आतड्यांच्या वरच्या अंगास पसरलेला असतो. उभ्या घोड्यात तो मोकळा असतो, कारण आतडी खाली लोंबतात. घोडा उताणा केला की वरचे खाली होते. ज्या मोठ्या आतड्याची धारणाच शंभर लिटरांवर जाते ते सारे गाठोडे पडद्यावर रेलते, आणि पडदा फुप्फुसावर. तळाचे वायुकोश चेपून मिटतात. यंत्राने फुंकलेली हवा जेथे वाट सोपी तेथे, म्हणजे वरच्या भागात जाते. पण रक्ताला हे कोणी कळवलेले नसते. घोड्याच्या फुप्फुसातील रक्ताचा ओढा पाठीकडील मागच्या भागाकडे अधिक असतो आणि घोडा उलटा केला तरी तो फारसा बदलत नाही. रक्त जुन्या पत्त्यावर जाते, दार बंद पाहते, आणि रिकाम्या हाताने तसेच पुढे हृदयात येते.

केंब्रिजचे लेस्ली हॉल आणि त्यांचे सहकारी ह्यांनी भूल दिलेल्या घोड्यांतील ही तूट १९६८ साली मोजून मांडली होती. तिचे कारण हातात सापडले ते त्यानंतर वीस वर्षांनी, स्वीडनमध्ये. नीमन आणि हेडेनस्टिएर्ना ह्या संशोधकांनी १९८९-९० च्या सुमारास दाखवून दिले की, उभ्या घोड्यात असे वाया जाणारे रक्त नाममात्र असते. कुशीवर निजवलेल्या घोड्यात ते पुष्कळ वाढते आणि उताण्या घोड्यात हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ तिसरा हिस्सा हवेला न भेटताच परत येतो. आरपार छायाचित्रे घेणाऱ्या यंत्राच्या कड्यात थोरला घोडा मावत नाही, म्हणून त्यांनी तट्टे घेतली. भूल दिल्यावर थोड्याच वेळात तट्टांच्या फुप्फुसांचा खालचा भाग चित्रात घट्ट, निर्वात दिसू लागला.

ह्यावर 'मग आणखी प्राणवायू द्या' असे कोणीही म्हणेल. आम्हीही तेच म्हटले. परंतु उघड्या भागातून जाणारे रक्त आधीच पोटभर जेवलेले असते, त्याला आणखी वाढून काय उपयोग? भरलेल्या वर्गात पाच प्राध्यापक पाठवले म्हणून बाहेर कट्ट्यावर बसलेल्या मुलांच्या ज्ञानात भर पडत नाही. मिटलेले वायुकोशच उघडले पाहिजेत. त्यासाठी एक युक्ती आहे. नेहमीचा श्वास वीस-पंचवीस सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने देतात. त्याऐवजी काही सेकंद साठ सेंटिमीटरांपर्यंत, क्वचित ऐंशीपर्यंत, दाब चढवून धरावयाचा आणि मग फुप्फुस पुन्हा मिटू नये म्हणून श्वासाच्या अखेरीसही थोडा दाब राखावयाचा. उप्साला येथे ह्याहून नाजूक एक प्रयोग झाला आहे. श्वासाच्या आरंभी नायट्रिक ऑक्साइड वायूची लहानशी फुंकर सोडली म्हणजे ती उघड्या भागातच पोहोचते, तेथील रक्तवाहिन्या सैल होतात, आणि रक्त आपण होऊन तिकडे वळते. कल्पना सुंदर आहे. पण ते साहित्य आमच्या विद्यार्थ्यापाशी नव्हते. त्याच्यापाशी दाबाची किल्ली होती.

ती त्याने लगेच फिरवली नाही, ह्याचे आम्हांस नवल वाटले. कारण त्याने मागाहून सांगितले. छातीत दाब चढला की अंगातून हृदयाकडे परतणारे रक्त दारातच अडते. हृदय रिते होते, रक्ताचा दाब पडतो. माणसाच्या बाबतीत हे काही क्षण चालून जाते. घोड्याचे पाचशे किलो ज्या स्नायूंवर रेललेले असतात त्या स्नायूंत रक्त मुळातच कष्टाने शिरत असते. सरासरी दाब सत्तरच्या खाली बराच वेळ राहिला तर ते स्नायू उपासाने मरू लागतात. मग शस्त्रक्रिया उत्तम, प्राणवायू उत्तम, आणि घोडा जागा होऊन उठू पाहतो तो पाय धरत नाहीत. जो घोडा उठत नाही तो वाचत नाही. श्वास द्यावा तर रक्त अडते, रक्ताला वाट द्यावी तर श्वास तोकडा पडतो. ह्या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या बांधावरून त्याला रात्रभर चालावयाचे होते.

सर्जनाने पोट उघडून फुगलेल्या आतड्यातला वायू सोडून दिला तोवर तो थांबला. गाठोडे हलके झाले, तेव्हा त्याने दाब चढवला. रक्तदाबाची रेघ चौऱ्याहत्तरावरून अठ्ठावन्नावर घसरली. तो एका हाताने डोब्युटामीनचे थेंब वाढवीत तिच्याकडे पाहत राहिला. एक-दोन मिनिटांत ती बहात्तरावर आली. मग पुन्हा एकदा तसेच. अर्ध्या तासाने रक्त तपासले तो प्राणवायू १६०. आम्ही पाचशेचा आकडा ऐकून होतो, म्हणून उत्साहाने म्हणालो, "आणखी एकदा दे की!"

"नको, सर. एकशेसाठ तिला पुरे आहेत. पाचशेचा हट्ट धरला तर पाय जातील."

जितके काम उभ्या घोड्यावर, थोडी गुंगी व जागेपुरती बधिरता देऊन उरकता येईल तितके तसेच उरकावे, असा हल्ली ह्या लोकांचा कल आहे. दात, कपाळाच्या पोकळ्या, दुर्बिणीने करावयाची काही पोटातली कामे, इतकेच काय ती हॉबडेसाहेबांच्या वारशातली स्वरयंत्राची शस्त्रक्रियाही उभ्याने होऊ लागली आहे. आणि वर सांगितलेल्या २०२१ च्या आकड्यांत उभ्या घोड्यांचे मृत्यू शंभरी ०.२ इतकेच आहेत. भूलशास्त्र्याने भूल टाळण्याच्या खटपटीत असावे ह्यात विसंगती काढणारे काढोत, आम्हांस त्यात शहाणपणच दिसते. पण आतड्याचा पीळ उभ्याने सुटत नाही.

शस्त्रक्रिया पाऊण वाजता संपली. आमची समजूत अशी की, अवघड भाग मागे पडला. वस्तुतः २००२ च्या त्या गणनेत मृत्यूंचा जवळजवळ चौथा हिस्सा उठताना हाड मोडल्याने झालेला आहे. घोड्याला शुद्ध आली की त्याला पहिली आठवण होते ती पळण्याची. पाय लटपटत असतात, तरी तो उठतो, पडतो, पुन्हा उठतो. म्हणून तिला चहूकडून गाद्या लावलेल्या खोलीत ठेवून डोक्यास व शेपटीस दोर बांधले होते आणि ते भिंतीतल्या कड्यांतून बाहेर घेतले होते.

आणि येथे नाक पुन्हा आडवे आले. दोन तास डोके हृदयाहून खाली लोंबल्यामुळे नाकातील त्वचा रक्ताने सुजते. घशातील नळी काढली आणि नाक बंद निघाले, तर ह्या प्राण्याला दुसरी वाट नाही; तो बंद दारावर धडका द्यावी तसा श्वास ओढीत राहतो, आणि त्या ओढीनेच फुप्फुसात पाणी उतरते. चांदणीने घोट गिळल्यावर तोंडातील मोठी नळी काढण्यात आली, पण त्यापूर्वी दोन्ही नाकपुड्यांत सूज उतरवणारे औषध फवारून डावीकडे एक आखूड नळी सरकवली होती आणि चिकटपट्टीने दोरास बांधून टाकली होती.

ती दोनदा उठली आणि दोनदा गुडघ्यांवर आली. तिसऱ्या खेपेस दोर ताणले गेले, चारही खूर जमिनीला लागले, आणि ती पाय फाकून, थरथरत, पण उभी राहिली. दहा मिनिटे कोणी आत गेले नाही. मग डॉक्टरांच्या आधी मोतद्दारच दाराशी आला व नजरेने परवानगी मागून आत गेला. तोबरा त्याने बाहेर ठेवला होता. तिच्या मानेवर एक हात ठेवून दुसऱ्या हाताचा तळवा त्याने आधी नळीपुढे धरला, मग उजव्या नाकपुडीपुढे, पुन्हा नळीपुढे. हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

"नळीतनं चांगला येतोय," तो म्हणाला. "उजवीकडनं अजून काही नाही, साहेब."

"मग नळी राहू द्या, काका. तासाभराने पुन्हा हात धरून पाहा," आमचा विद्यार्थी म्हणाला, आणि भिंतीशी खुर्ची ओढून त्याने आपला जागरणाचा चहा मागवला.